वांग्यांचे वकील

कोथिंबीर चिरण्याआधी तिला तसं सांगायचं असतं, हे मला वयाच्या अडतिसाव्या वर्षी कळलं. तोवर मी शेकडो जुड्या चिरल्या असतील, पण एकीशीही बोलले नव्हते. कळंबहून माझी बदली झाली ती थेट लोहारा तालुक्यात, माकणीच्या अलीकडं असलेल्या आमच्या संस्थेच्या हायस्कूलात. मराठी शिकवायला रुजू झाले, त्याचा तो तिसरा दिवस. स्टाफरूममध्ये शिपाई गफूरमामा पोह्यांवर घालायला कोथिंबीर चिरणार, तेवढ्यात कोपऱ्यात वह्या तपासत बसलेले विज्ञानाचे बिराजदार सर ताडकन उठले आणि त्यांनी जुडीवर हात ठेवला.

"मामा, एकदम सुरी लावू नका. आधी सांगा तिला. तिला काय वाटलं असंल?"

गफूरमामांना याची सवय असावी. ते शांतपणे जुडीकडं वळले, "बेटा, पोह्यावर जायचंय, चल," म्हणाले आणि मग त्यांनी ती चिरली. सर समाधानानं परत वह्यांत घुसले. माझ्या ताटलीतल्या पोह्यांवर ती हिरवी बेटा येऊन पडली तेव्हा मला ती खावी की नको कळेना. शेवटी खाल्ली, पण जरा हळू चावून.

सरांचं नाव बसवराज, पण ते फक्त हजेरीपटावर. गावाला ते बिराजदार सर आणि पोरांना, पाठीमागं, 'काय वाटलं सर'. कारण 'त्याला काय वाटलं असंल' हे त्यांचं पालुपद होतं. गवताच्या मैदानावरून कुणी शॉर्टकट मारला की ते व्हरांड्यातून ओरडत. कुणी उगाच लिंबाचा पाला ओरबाडला की त्याला वर्गात उभं करून विचारत, "तुझं केस असं कुणी वढलं तर?" पोरं काय, बिलंदर. डब्यात वांगं आलं की मुद्दाम सरांसमोर नेऊन विचारायची, "सर, ह्याला काय वाटलं असंल?" सर रागवायचे नाहीत. म्हणायचे, "खा. त्यानं तुझ्यासाठी जीव दिलाय. पर टाकलास तर मात्र त्याला लई वाईट वाटंल." त्या शाळेत डब्यातली भाजी टाकलेली मी कधी बघितली नाही, हेही सांगून ठेवते. माझ्या घरात मी हे अजून जमवू शकलेले नाही.

अंगानं सर काटकुळे, उंच, चालताना थोडे पुढं झुकलेले. शर्टाच्या खिशात पेन एक आणि बियांच्या पुड्या चार. पँटच्या खिशात मात्र कायम एक पक्कड. ही पक्कड कशाला, हे मला निवडणुकीच्या दिवसांत कळलं. रस्त्याकडेच्या लिंबांना कार्यकर्ते खिळे ठोकून उमेदवारांचे फोटो लावत, आणि सर शाळेत येता येता मोटरसायकल थांबवून ते खिळे उपटत. हसरे उमेदवार धपाधप मातीत पडत. एका पक्षाचे लोक शाळेत चौकशीला आले की हा विरोधकांचा माणूस आहे का. दुसऱ्या दिवशी विरोधकही तेच विचारायला आले. सरांनी दोघांनाही कागदात बांधून खिळे परत दिले. "तुमची तुमची वस्तू घेऊन जावा. मोजून घ्या." पुढं दोन्ही पक्षांनी फोटो सुतळीनं बांधायला सुरुवात केली. गावात एवढं एकमत मी दुसऱ्या कशावर झालेलं पाहिलं नाही.

झाडांना त्रास होतो आणि तो ती एकमेकांना कळवतात, हे सर काही मनाचं सांगत नसत. मिळेल ते वाचत. अळी पान कुरतडायला लागली की झाड एक प्रकारचा वास सोडतं, शेजारच्या झाडाला तो पोचतो आणि ते आपली पानं अळीला नकोशी करायच्या तयारीला लागतं. तहानलेल्या झाडातून बारीक टिकटिक येते, पण ती आपल्या कानाला ऐकू येण्यातली नसते. हे सगळं ते वर्गात रंगून सांगत आणि शेवटी प्रामाणिकपणे जोडत, "आता ह्याला बोलणं म्हणायचं का, ह्याच्यावर मोठ्या मोठ्या लोकांची भांडणं चालू हायत." स्वतः सर त्या भांडणात केव्हाच झाडांच्या बाजूला जाऊन बसले होते.

आमच्या मुख्याध्यापकांना हे अजिबात पटत नसे. एकदा भर स्टाफरूममध्ये त्यांनी सरांना पकडलं. "बिराजदार, वास सुटतो हे मान्य. पण वास सुटणं म्हणजे बोलणं कसं होईल?"

"साहेब," सर अदबीनं म्हणाले, "तुमी व्हरांड्याच्या त्या टोकाला असता, तवाच तुमच्या तंबाखूचा वास इथं येतो. आमी समदे पाय खाली घेताव, वह्या उघडताव. आता तुमी बोललाव का न्हाई बोललाव?"

मुख्याध्यापकांनी तो विषय परत काढला नाही. तंबाखूही व्हरांड्याच्या बाहेरच थुंकून येऊ लागले.

माझ्या घरचा कढीपत्ता हे सरांचं मोठं यश. निदान ते तसं समजत. कुंडीतलं ते रोपटं दोन वर्षं विचार करत होतं, वाढावं की मरावं. मी सहज बोलून गेले आणि रविवारी सकाळी सर दारात. त्यांनी रोपाला हात लावला नाही. समोर पाट मांडून बसले आणि माझीच उलटतपासणी सुरू केली. कुंडी कधीपासून इथं आहे? वरच्या खिडकीत काय आहे? स्वयंपाकघर. कुकर दिवसातून किती वेळा लागतो? आणि ही बाजूची भिंत कशाची? बैठकीची. भिंतीपलीकडं टीव्ही. टीव्हीवर काय लावता?

"बातम्या," आमचे यजमान सुधाकर अभिमानानं म्हणाले. "चर्चा असतात. चौघंपाच जण असतात."

"एका वेळी एकच बोलतो का?"

"छे! सगळे एकदम."

सरांनी पाट रोपाच्या आणखी जवळ सरकवला. "बाई, हे बेजार झालंय," ते म्हणाले. "एका कानाला शिट्ट्या, दुसऱ्या कानाला हाणामारी. तुमी राहिला असता का?"

कुंडी उचलून अंगणाच्या दुसऱ्या टोकाला गेली. तिथं ऊन भरपूर होतं, हे मला तेव्हाच दिसत होतं, पण गप्प बसले. दोन महिन्यांत कढीपत्ता असा फोफावला की गल्लीतल्या बायका फोडणी टाकून मग आमच्याकडं पळत यायच्या. सुधाकर मात्र कायमचे धास्तावले. अजूनही चर्चेत आवाज चढला की ते रिमोट उचलतात आणि अंगणाकडं बघत आवाज कमी करतात. झाडानं केलेला माझ्यावरचा एवढा मोठा उपकार मी आयुष्यात विसरणार नाही.

यश सांगितलं, तर अपयशही सांगायला हवं. तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनासाठी सरांनी मेथीच्या दोन कुंड्या तयार केल्या. एकीशी रोज गोड बोलायचं, दुसरीला रोज शिव्या द्यायच्या, आणि कोण कशी वाढते ते बघायचं. गोड बोलायला नववीतली सर्वांत शहाणी मुलगी नेमली. शिव्यांसाठी नेमणूक करावी लागली नाही, अख्खा वर्ग स्वेच्छेनं पुढं आला. सरांनी अट घातली की आईबहीण नको, बाकी चालेल.

आमच्या भागातल्या पोरांना शिव्या द्यायला अधिकृत परवानगी मिळाली, म्हणजे काय झालं असेल ते समजून घ्या. मधल्या सुट्टीत त्या कुंडीभोवती ही गर्दी! "मुडद्या, उगव की!" "आळशी बैला, पाणी पितूस का झोपतूस!" आठवीची पोरं रांग लावून थांबत. शिवी देऊन घसा कोरडा पडला की बाटलीतलं पाणी पीत आणि उरलेलं कुंडीत ओतत. एकानं घरून राख आणली, एकानं शेळीच्या लेंड्या. जाता येता पोरं मायेनं ओरडत, "कसं हायस रं, भाड्या?" आणि तिकडं शहाणी मुलगी रोज ठरल्या वेळी येऊन, दोन हात लांब उभी राहून, "तू सुंदर आहेस, तू हुशार आहेस," असं पाठ केलेलं म्हणून वर्गात जाई. पाणी घालायला तिला कुणी सांगितलं नव्हतं.

पंधरा दिवसांत शिव्यांची मेथी भाजीला आली आणि कौतुकाची मेथी वाळून गेली.

दुसऱ्या कुणी कुंड्यांवरच्या चिठ्ठ्या बदलल्या असत्या. सरांनी बदलल्या नाहीत. प्रदर्शनात परीक्षकांनी विचारलं, यातून निष्कर्ष काय? सर म्हणाले, "प्रयोग चुकला. आमी शिव्या द्या म्हणलाव, पर पोरांना नुसत्या शिव्या देता आल्या न्हाईत. माया मिसळली त्याच्यात." बक्षीस मिळालं नाही. परत येताना जीपमध्ये ते वाळलेल्या मेथीची कुंडी मांडीवर घेऊन बसले होते. मला वाटलं बक्षिसाचं वाईट वाटलं असेल. मग एकदम म्हणाले, "बाई, आमचे अण्णा मला लई शिव्या द्यायचे."

मला ठाऊक होतं. आख्ख्या गावाला ठाऊक होतं. सर आणि त्यांचे थोरले भाऊ शरणाप्पाअण्णा यांच्यात अबोला होता. दोघांची रानं एका बांधाला लागून, घरं एका गल्लीत, आणि सहा वर्षं एकमेकांशी शब्द नाही.

त्याचं कारण होतं वांगी. बांधालगत सरांनी वांग्यांची चाळीस रोपं लावली होती. वांगं म्हणजे सरांचा जीव की प्राण, लावायलाही आणि खायलाही. पलीकडं अण्णांनी उसात तणनाशक मारलं. वारा फिरला, फवारा अलीकडं आला आणि दुसऱ्या दिवशी चाळीसही रोपांची पानं मुडपून गेली. दुसरा माणूस दोन शिव्या देऊन गप्प बसला असता. सर त्यातलं एक रोप मुळासकट उपटून, पिशवीत घालून पोलीस ठाण्यात गेले. तिथं जे झालं ते त्यांनीच मला जसंच्या तसं सांगितलं, कारण त्यात हसण्यासारखं काही आहे हे त्यांच्या लक्षातच आलं नव्हतं.

"खुनाची तक्रार हाय," सर म्हणाले.

हवालदार खडबडून सरळ बसले. "मयताचं नाव?"

"वांगं."

हवालदारांनी पेन खाली ठेवलं. पण तेही शेतकऱ्याचेच पोरगे. पिशवीत डोकावून म्हणाले, "काटेरी वांगं व्हय? आरारा!" मग बराच वेळ दोघं रोपाकडं बघत बसले. तक्रार कुठल्या कलमात बसेना. हवालदार मनानं चांगले, म्हणाले, चला, मी येऊन दोघांची समजूत घालतो.

करायला गेले गणपती आणि झाला मारुती. खाकी वर्दी अण्णांच्या दारात उभी राहिली आणि गल्ली गोळा झाली. ज्या माणसाच्या दारात आयुष्यात पोलीस आला नव्हता, त्याच्या दारात सख्ख्या भावानं आणला. अण्णा ओट्यावर येऊन एवढंच बोलले, "वाऱ्याला म्या सांगितलं व्हतं का, तिकडं जा म्हणून? आन् बश्या, म्या मारलं तर खून, तू मारलं तर कालवण व्हय रं?" मग गल्लीला ऐकू जाईल असं म्हणाले, "आजपास्नं तुझं माझं बोलणं बंद." आणि आत गेले.

यात बोचणारी गोष्ट अशी, की सरांना सर केलं ते अण्णांनीच. वडील लवकर गेले तेव्हा अण्णा चौथीत होते. त्यांनी शाळा सोडून नांगर धरला आणि धाकट्याला बीएस्सीपर्यंत शिकवलं. सर दुसऱ्याच आठवड्यात माफी मागायला गेले होते. अण्णा उठून गोठ्यात गेले आणि म्हशीकडं तोंड करून उभे राहिले. सर अर्धा तास म्हशीच्या शेपटीकडं बघून परत आले.

अबोला बाप्यांचा. दोघी जावा काही त्यात पडल्या नाहीत. सरांच्या महादेवी वहिनी आणि अण्णांच्या कारभारीणबाई यांचं दळण, वाळवण, मोबाईलवरचं बोलणं सगळं चालूच. "तुमचा अबोला तुमच्यापाशी ठिवा," वहिनी म्हणायच्या, "आमाला लोणच्याची कामं हायत."

मात्र दोन भावांनी एक वाट शोधली होती. लेकी बोले सुने लागे, तशातली. मी ती पहिल्यांदा ऐकली तेव्हा उसाच्या बांधावर बसून खाली वाकून हसले होते. सर बांधावर येऊन आपल्या तुरीला मोठ्यांदा सांगायचे, "तुरे, पलीकडं निरोप दे. हरभऱ्यावर घाटेअळी दिसलालीय म्हणावं. आजच बघा म्हणावं." पलीकडून अण्णा आपल्या ज्वारीला सांगायचे, "ज्वारे, त्येला म्हणावं आमालाबी डोळं हायत." जरा थांबून, "आन् म्हणावं, त्याच्या मोटरीची वायर उघडी पडलीय. मरंल." पिकं निरोप देत आहेत आणि माणसं फक्त तिथं उभी आहेत, असं सगळं. झाडं एकमेकांना धोका कळवतात, हे गावात कुणाला पटो न पटो, या एका बांधावर ते रोज घडत होतं.

मागच्या थंडीत सरांच्या निवृत्तीचा महिना आला. जानेवारीच्या एकतीस तारखेला निरोप समारंभ ठरला. शाल, श्रीफळ, फेटा, मानपत्र. सरांनी मुख्याध्यापकांना एकच विनंती केली, पहिल्या रांगेत मधली खुर्ची अण्णांसाठी ठेवा. "ते न्हाई आले तर मला फेटा बांधू नका. डोक्यावर वझं हुईल." हे ऐकून आम्ही सगळे चहाच्या कपात बघू लागलो.

त्याआधी येळवस होती. वेळ अमावस्येला आमच्याकडं घरात कुणी थांबत नाही, अख्खं गाव शेतात. कडब्याची खोप करायची, चुन्यानं रंगवलेले पाच दगड पांडव म्हणून पुजायचे, हिरव्या शेंगा-भाज्यांची भज्जी, बाजरीचे उंडे, गव्हाची खीर आणि मडकंभर आंबील. ती आंबील उभ्या पिकात शिंपडत फिरायचं. पीक गरवार असतं, त्याचे डोहाळे पुरवायचे. सरांचा हा सर्वांत आवडता सण. "आपल्या म्हाताऱ्यांना कळलं व्हतं," ते म्हणत, "आमी आता पुस्तकात वाचलालाव."

सरांनी स्टाफला रानात बोलावलं होतं. बांधाच्या अलीकडं सरांची खोप, पलीकडं अण्णांची. येळवशीला जेवायला बोलावलं की नाही म्हणता येत नाही, त्यामुळं आम्ही अलीकडं पोट फुटेस्तोवर जेवलो आणि मग कारभारीणबाईंनी हाक मारली म्हणून पलीकडं जाऊन परत तेच जेवलो. "कुणाची भज्जी चांगली झाली?" दोघींनी विचारलं. मुख्याध्यापक म्हणाले, "दोन्ही." त्यांच्या नोकरीतला एवढा सावध निर्णय मी दुसरा पाहिला नाही.

जेवणं झाल्यावर सर उठले. टोपी नीट केली आणि बांधावरच्या तुरीसमोर जाऊन उभे राहिले. पलीकडं अण्णा खोपीच्या तोंडाशी पाठ करून बसले होते.

"तुरे, नीट ऐक," सर म्हणाले. "एकतीस तारखेला सकाळी अकराला, शाळेच्या मैदानात, बसवराज बिराजदार रिटायर होलालाय. पलीकडं सांग. मधली खुर्ची ठिवलीय म्हणावं. ज्यानं चौथीत पाटी फेकून नांगर धरला, त्येच्यामुळं ह्यो मास्तर झाला, ह्ये त्येला ठाऊक हाय म्हणावं. आन्..." सरांनी टोपी परत नीट केली. "आन् पोलीस आणला ते लई चुकलं म्हणावं."

पलीकडून ज्वारीचा काहीच निरोप आला नाही. अण्णा काडीनं माती उकरत बसले. वारा पडला होता. गफूरमामांनी तोंडातला उंडा चावायचा थांबवला. आणि तेव्हा सरांनी जे केलं ते फक्त सरच करू जाणे. टोपी काढली, ढेकळात गुडघे टेकले आणि तुरीच्या बुंध्याला कान लावला. डोळे मिटले. जिवाचा कान करून ते तसे राहिले.

एक मिनिट गेलं. दोन गेली. मुख्याध्यापक माझ्या मागून कुजबुजले, "काय म्हणतेय?"

"अजून काय न्हाई," सर डोळे न उघडता म्हणाले.

तेवढ्यात पलीकडं काडी मोडली. अण्णा वळले. अठ्ठावन्न वर्षांचा आपला भाऊ, वरिष्ठ शिक्षक, तुरीला कान लावून मातीत बसलेला त्यांनी बघितला आणि त्यांच्या तोंडून सहा वर्षांचा बांध फुटल्यासारखी आरोळी निघाली, "आरं बश्या, खुळ्या! त्या तुरीला काय इचारलालास? म्या काय मेलोय व्हय? मला इचार की!"

महादेवी वहिनींच्या हातातला पळा पातेल्यात पडला. सर उठले. एका कानाला माती होती. त्यांनी तुरीची फांदी हातानं बाजूला केली आणि विचारलं, "अण्णा, येताव का?"

अण्णांनी नाक पुसलं. "एकतीसला मोटरीची लाईट सकाळची हाय का दुपारची?"

"ते अजून कळालं न्हाई."

"मग कळाल्यावर बोल," अण्णा म्हणाले आणि परत पाठ करून बसले. पण बोलले होते. दोघी जावा बांधावरच गळ्यात पडून रडल्या, मीही रडले, आणि कारभारीणबाईंनी सगळ्यांना तिसऱ्यांदा खीर वाढली.

एकतीस तारखेला मैदान भरलं. सरांना गुलाबी फेटा बांधला, कारण अण्णा येणार हे आता धरून चाललं होतं. पुष्पगुच्छ आणायचा नाही हे सगळ्यांना बजावलं होतं, तरी पाहुण्यांनी आणलाच, आणि सरांनी तो हातात घेतल्या घेतल्या गफूरमामांकडं पाण्यात ठेवायला दिला. अकरा वाजले. साडेअकरा झाले. मधली खुर्ची रिकामी. मुख्याध्यापक सरांचे गुण सांगत होते आणि सर फाटकाकडं बघत होते. तेवढ्यात वहिनींचा मोबाईल वाजला. पलीकडून कारभारीणबाई. वहिनींनी ऐकलं, स्टेजवर गेल्या आणि सरांच्या कानात सांगितलं. माईक जवळ होता, त्यामुळं ते सगळ्या मैदानानं ऐकलं.

"भावजी नवं धोतर नेसून धा वाजल्यापास्नं बसले व्हते. तेवढ्यात लाईट आली. धोतर सोडलं आन् गव्हाच्या दाऱ्यावर पाणी द्यायला गेले. एकलेच हायत."

सर उभे राहिले. मुख्याध्यापकांच्या हातातून त्यांनी माईक घेतला, अगदी हलक्या हातानं.

"माफी असावी," ते म्हणाले. "लाईट आलीय. आमचे अण्णा एकटेच पाणी मोडलालेत."

आणि स्टेजवरून उतरून मोटरसायकलवर बसून निघून गेले. त्यांना कुणी थांबवलं नाही. उलट 'लाईट आली' हे शब्द कानावर पडताच अर्धं मैदानही उठलं आणि आपापल्या रानाकडं पळालं. मुख्याध्यापकांनी उरलेलं भाषण मला, गफूरमामांना आणि नववीच्या वर्गाला ऐकवलं.

दुपारी मी मानपत्र आणि जेवणाचा डबा घेऊन स्कूटीवरून रानात गेले. पुढं जूनमध्ये माझी परत कळंबला बदली झाली आणि सरांकडं जाणं राहूनच गेलं. त्यामुळं सर मला आठवतात ते त्या दुपारचेच. हिरव्या गव्हात गुलाबी फेटा. शाल कमरेला गुंडाळलेली, पँट गुडघ्यापर्यंत वर, हातात खोरं. पलीकडच्या वाफ्यात अण्णा, अंगात नुसती बंडी, कमरेवर हात ठेवून बोलत होते. श्वास घ्यायला थांबत नव्हते. नातवाच्या बारशाला का आला नाहीस. विहिरीतला गाळ काढला तेव्हा कुठं होतास. म्हैस मेली ते कळलं का तुला. मध्येच "आरं पाणी फुटलं तिकडं, माती टाक, माती! तीस वर्षं काय शिकिवलास पोरांना?" आणि परत पुढं.

"तुरीला अळी लागली तर तुला वासावरनं कळतं," अण्णा म्हणाले. "दोन सालं झाली, माझं गुडघं दुखलालेत. रातच्याला झोप न्हाई. त्येचा वास न्हाई व्हय आला तुला?"

सर खोऱ्यावर दोन्ही हात ठेवून उभे होते. पावलांवरून पाणी वाहत होतं.

"न्हाई आला, अण्णा," ते म्हणाले.

"मग आता ऐक," अण्णा म्हणाले आणि गुडघ्यांचं पहिल्यापासून सांगू लागले.

मला हसू आलं आणि डोळ्यांत पाणीही आलं, खोटं कशाला सांगू. मी बांधावरून हाक मारली, "सर!" थांबले, परत मारली. सर माझ्यापासून दहा पावलांवर होते, पण त्यांना ती ऐकू गेली नाही. ते अण्णांचं ऐकत होते.